बिनकाट्याचा पट्टा

८ ऑक्टोबर

पेरणी झाली एकदाची! मधे ज्वारी, कडेनं चौफेर करडईचा पट्टा, दरवर्षीसारखाच. फक्त करडई यंदा बिनकाट्याची. बी ह्यांनीच आणलं. कापताना हात सोलून निघणार नाहीत म्हणून मी खूश. सासूबाई मात्र फणफणल्या — "काटंच न्हाईत तर जनावर अडवायचं कशानं? बिनदाताचं कुत्रं राखणीला ठेवलंस व्हय रं, मल्लू?"

हे नुसते हसले.

१४ नोव्हेंबर

विरळणीत उपटलेल्या कोवळ्या करडईची भाजी केली, लसूण सढळ हातानं घालून. सासूबाईंनी दोन भाकरी खाल्ल्या आणि वर म्हणाल्या, "भाजी म्हणून ब्येस हाय. कुंपण म्हणून न्हाय." तोंड बंद राहील तर शपथ!

९ जानेवारी

रानडुकरं शिरली. ज्वारी ऐन हुरड्यात, आणि ओढ्याकडचा सगळा कोपरा भुईसपाट! शेजारच्या इराण्णा भाऊजींच्या रानात करडई काटेरी. तिथं ज्वारीचं एक ताट मोडलेलं नाही. आमच्याकडे डुकरं पंगतीला बोलावल्यासारखी आली. सासूबाई मोडलेली कणसं एकेक वेचत बसल्या. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ जानेवारी

पुन्हा शिरली.

१३ जानेवारी

ह्यांनी पट्ट्याबाहेरून उघडी तार ओढली, गुडघ्याएवढ्या खुंट्यांवर. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून त्यात थेट लाईट सोडणार! मी ओरडलेच — "माणूस मरेल की कुणीतरी!"

"रातच्याला कोण येतंय तिकडं? दिस उगवला की खटका पाडतो मी."

"आणि आईंना काय सांगायचं?"

"आईला लाईटचं कळलं तर तार उपटून वड्यात टाकील. एक अक्षर बोललीस तर माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

गळ्याची शपथ! दुसरं काही सुचलं नाही माणसाला. शपथेला मी फार भिते. आमच्या माहेरी शपथ मोडणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत.

२ फेब्रुवारी

तारेपाशी कोल्हा मरून पडलेला. ह्यांनी ओढ्यात नेऊन टाकला. सासूबाईंनी कावळे बघून विचारलं, "काय मेलंय गं तिकडं?" मी म्हटलं, "घूस असेल."

२१ फेब्रुवारी

करडई वाळून खडखडीत झाली. ज्वारी अजून उभी, म्हणून तारही तशीच. जेवताना हे म्हणाले, "यंदा काटं न्हाईत, दुपारी निवांत कापू." सासूबाई हूं म्हणाल्या. पण उठताना बघितलं तर उंबऱ्याशी विळा धार लावून ठेवलेला, शेजारी पायांना गुंडाळायच्या चिंध्या!

जन्मभर त्यांनी करडई पहाटेच कापली. दवानं काटा मऊ पडतो, ऊन चढलं की हात फाटतात. आता काटे नसले म्हणून हाडात मुरलेली सवय जाते थोडीच! अंधारात उठून सरळ पट्ट्यात जाणार. आणि तार तेव्हा चालू.

हे विहिरीकडे गेले तेवढ्यात सगळं सांगून टाकलं. शपथ मोडली. सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. "बरं केलंस पोरी. आज त्याला बोलू नगंस, घरात तमाशा नगं. उद्या उजाडल्यावर बगते मी त्याच्याकडं." किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. देवा, मोडलेली शपथ कुणाला लागू देऊ नकोस.

९ मार्च

सासूबाई त्या पहाटे आमच्या रानात गेल्याच नव्हत्या. इराण्णा भाऊजींच्या काटेरी करडईत कापू लागायला गेल्या होत्या. ह्यांना जाग आली तर आईचं अंथरूण रिकामं, विळा जागेवर नाही. "आई!" म्हणून अनवाणीच धावले; मला जाग येईपर्यंत लांब गेले होते. खटका पाडायला विहिरीचा वळसा पडतो, म्हणून आडवे गेले, आणि तार ओलांडताना पाय अडकला. जागेवरच गेले.

आईला तारेचं ठाऊक आहे, हे ह्यांना ठाऊक नव्हतं.