हॅशच्या दिवशी ओढलेले पडदे

नाही हो वन्सं, माझ्या डोक्यावर काही परिणाम झालेला नाही. शेजारच्या हिल्डानंच कळवलं असणार तुम्हाला, की विनी हल्ली बरोबर जेवणाच्या वेळेला लोकांच्या दारात उगवते म्हणून. उगवते, खोटं कशाला बोलू? पण आधी नमस्कार घ्या. गुडघा कसा आहे? समुद्राच्या वाऱ्यानं बरा होईल म्हणून स्कारबरोला गेलात, आता लिहिता की वाऱ्यानंच दुखतो. गुडघ्यानंही तुमचाच स्वभाव उचललाय. (रागावू नका. भावजयीनं नाही चिडवायचं तर कुणी?)

तर सांगायचं असं की चॅपलचं हॅशचं जेवण पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी आहे. ऐंशी माणसं. एकतीस वर्षं बटाटे-बीफचा तो हॅश आपल्याच घरून जातोय, तुमच्या आईच्या पद्धतीचा, आणि लोक पावानं ताटं पुसून खातात. मागच्या वर्षी ऐन जेवणाच्या आठवड्यात हे गेले म्हणून जेवणच रद्द झालं. त्यामुळे यंदा सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघतोय. पाद्रीबाबा रस्ता ओलांडून येतात नि म्हणतात, "मिसेस हिंडल, दोन वर्षांची भूक साठलीय हं!" आणि कमिटीवाली ॲग्नेस टपूनच बसलीय. माझा हॅश एकदा बिघडू दे, की ते पातेलं तिच्या घरी गेलंच म्हणून समजा. म्हटलं, या खेपेला जरा चार घरचं चाखावं. उगाच आपलं, माहिती असावी म्हणून.

आणि तिथंच डोक्याचा भुगा झाला बघा. हिल्डाकडे हॅश म्हणजे कालवण. बटाटे, कांदे, पाणी, सगळं एकदम रटरटायला ठेवते, आणि अगदी शेवटी डब्यातलं बीफ कुस्करून घालते. चमच्यानं खायचा, वर मुरवलेला लाल कोबी. मी सहज विचारलं, बीफ आधीच का नाही घालत? तर म्हणते, "आधी घातलं तर त्याचं सूत होतं, एवढंही ठाऊक नाही होय गं? मग एकतीस वर्षं तू करत काय होतीस?" मी गपकन तोंडात कोबी कोंबला.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांच्या बायकोकडे गेले. त्या दक्षिणेकडच्या, जेवताना मांडीवर रुमाल घेणाऱ्या. त्यांचा हॅश तव्यावर, खालून खमंग पापडा धरेपर्यंत हलवायचा नाही, वर अर्धकच्चं अंडं. मी म्हटलं, पाणी किती? त्यांनी असं बघितलं की जणू मी चॅपलमध्ये पत्त्यांचा डाव मागितला. आणि ॲग्नेस? (तिच्याकडेही गेले, तेवढी लाज मी सोडलीय.) ती ओव्हनमध्ये भाजते, वर कणकेचं जाड झाकण, आत डब्यातले बीन्स. प्रत्येक बाई म्हणते हाच खरा, बाकीच्यांचं ते डुकरांचं खाणं. ॲग्नेसनं मला दाराशी गाठून वर विचारलं, "तुमच्या हॅशला एक गोडसर चव असायची, ती कशाची गं?" मी म्हटलं, "तेच तर गुपित आहे बाई." आणि घरापर्यंत विचार करत आले, गोडसर कशाचं असेल? गाजर? सलगम? देव जाणे.

मग काल तिघींचं एकत्र करून बघितलं. बीफचा डबा उघडायची किल्ली अर्ध्यात मोडली, बोट कापलं, बटाट्यांचा चिकटा झाला, आणि तो चिकटा तळाशी करपला. हिल्डाच्या नवऱ्याला, सेथला, वाडगाभर दिला. त्यानं "छान आहे, छान आहे" म्हणत नेला आणि कबुतरांच्या खोपटाच्या छपराला लिंपला. आज पाऊस पडला. खोपटं गळलं नाही म्हणतो.

आपल्या गल्लीची रीत तुम्ही विसरला नसाल, भरदिवसा पडदे ओढले की समजायचं घरात कुणी गेलं. फक्त आपल्या घरी पडदे म्हणजे मयत नाही, हॅश. विनी सासूची कृती लपवते, असंच सगळ्यांना वाटायचं. तर हे गेले त्या दुपारी मी पडदे ओढले, आणि पाच मिनिटांत हिल्डा रिकामं भांडं घेऊन दारात! माझं तोंड बघितलं आणि भांडं पाठीमागं लपवत उभी राहिली बिचारी. रडता रडता मला असं हसू फुटलं वन्सं, की आवरेना. ह्यांनाही आलं असतं.

बाकी सगळं ठीक. थंडीत बाहेर पडू नका.

तुमची भावजय,
विनी

ता. क. गुडघ्याला हंसाची चरबी चोळा. वास येतो, पण तुम्हाला कोण हुंगायला येतंय?

आणखी ता. क. तुमच्या आईची हॅशची कृती आठवेल तशी लिहून लगेच टपालात टाका. बटाटा कच्चा घालायचा की उकडलेला, आणि ते गोडसर काय, तेवढं तर नक्की लिहा. हिल्डाला यातलं अक्षर कळवू नका.

शेवटचा ता. क. तुम्ही म्हणाल, करत तर तूच होतीस, मग मला कशाला विचारतेस? वन्सं, मी एकदाही केला नाही. एकतीस वर्षं हॅश तुमच्या भावानं केला. ह्यांच्याबरोबर खाणीत राबणाऱ्या माणसांना कळतं तर क्लबात ह्यांचं जिणं मुश्किल केलं असतं, म्हणून ते पडदे. मी आपली पडद्याच्या फटीतल्या उजेडात पाय पसरून पेपर वाचायची, आणि पातेलं न्यायची वेळ झाली की ॲप्रन बांधायची. हे त्यात काय घालतात, ते मान वळवून बघितलं नाही कधी.