हीटरचे डबे

१० नोव्हेंबर, रविवार
बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना? मलकापूरच्या माणसाला मोटारीत हीटर कशाला हवा? तोही विकायला काढलेल्या मोटारीत! नाशिकचं गिऱ्हाईक स्वतःच म्हणतंय, "हीटर काढूनच टाका." आणि बाबांनी परदेशातून हीटरचे नवे डबे मागवले. वर मला निरोप – रविवारी बुलढाण्याहून उतर, कागद इंग्रजीत आहे, गोकुळ मेकॅनिकला वाचून दाखव.

मी त्या गाडीला हातही लावणार नव्हतो. जुनी जर्मन, दोन दारांची, इंजिन मागे. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात, पहाटेच शेगावला दर्शनाला निघाले आई-बाबा. नांदुऱ्याच्या पुढे गाडी बाभळीवर आदळली. आई गेली. बाबा म्हणाले, "डोया कसा लागला, समजलंच नाही." आदल्या दिवशी लग्नात मित्रांसोबत प्यायला बसले होते. मला समजलं तेवढं पुरे. गाडीचं तोंड गोकुळने सरळ केलं; तेव्हापासून ती उभीच, आणि आम्ही कामापुरतं बोलतो.

१७ नोव्हेंबर, रविवार
गेलो शेवटी. का गेलो, माहीत नाही.

गोकुळच्या गॅरेजात कागद वाचला. एक्झॉस्टच्या नळीभोवती पत्र्याचा डबा. नळी तापते, डब्यातली हवा गरम होते, तीच गाडीत येते. धूर नळीच्या आत, हवा बाहेर; दोघांची गाठ पडता कामा नये. अकरावीला उष्णता शिकवतो मी, आणि हे गोकुळकडून समजून घेतलं!

जुने डबे काही सुटेनात. बारा नटांपैकी चार उतरले, पाचवा बोल्टसकट मोडला. गोकुळ म्हणाला, "घाई नोका करू, सर. डिझेल सोडून ठिवतो, मंग पाहू."

१९ नोव्हेंबर
बाबांचा फोन. "बसले का डबे?" नाही म्हटलं. "बसवल्याबिगर गाडी हालनार नाही. त्या नाशिकवाल्यालेही बायको असन." ठेवला फोन. याचा अर्थ काय लावायचा?

२४ नोव्हेंबर, रविवार
डबे निघाले. डावा गोकुळने कापून उघडला. आतून काळाकुट्ट. जिथून नुसती हवा जायची तिथे काजळी! नळी गंजून बोट जाईल एवढं भोक. "धूर थेट अंदर जाऊन राह्यला असन, सर," गोकुळ म्हणाला. माझ्याकडे बघेना.

गाडीत हवा आणणाऱ्या पाइपात बोट घातलं. काळं झालं.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. मुलांना दरवर्षी लिहून देतो – डोकं जड होणं, गुंगी, बेशुद्धी. थंडीची पहाट, काचा बंद, आईचे गुडघे दुखतात म्हणून हीटर चालू. मग बाबा प्यायले नव्हते? की प्यायले असले तरी... मला काहीच धड सुचत नाहीये.

२६ नोव्हेंबर
वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मुलं हसली.

लिहूनच टाकतो. त्या वर्षी दिवाळीत आई म्हणाली होती, "गाडीत बसलं का डोकं धरते रे माहं. गोकुळले दाखवून आन." मी किल्ली घेतली. गोकुळकडे गेलोच नाही! घाट चढून बुलढाण्याला गेलो, कॉलेजातल्या मित्रांना गाडी मिरवली, संध्याकाळी परत. आईला सांगितलं, "दाखवली. काही नाही गाडीत. तुला पित्त झालंय." तिने विश्वास ठेवला.

हे मी विसरलो होतो की आठवू दिलं नव्हतं? कोणालाच ठाऊक नाही हे. आणि तीन वर्षं मी बाबांना गुन्हेगार ठरवून बसलोय. लाज वाटते.

३० नोव्हेंबर, शनिवार
कॉलेजला रजा टाकून मलकापूरला. नवे डबे बसले. गोकुळने इंजिन चालू केलं, मी हीटरच्या तोंडाशी हात धरला. स्वच्छ, कोमट हवा. उद्या बाबांना सगळं सांगायचं. नंतर त्यांनी माझं तोंड नाही पाहिलं तरी चालेल – नाही, चालणार नाही. तरीही सांगायचं.

१ डिसेंबर, रविवार
सांगितलं. बाबा पेपरची घडी करत राहिले.

"मले मालूम हाय. तेराव्यालेच गोकुळले इचारलं होतं. गाडी त्याच्याकडे आलीच नव्हती."

"मंग बोलले काऊन नाही?" माझ्या तोंडून आमची घरची बोली निघाली, कित्येक वर्षांनी.

"तुही माय तं गेलीच होती. पोरगंही कायले गमवू?"