चीनच्या घाटावरचा फोटो

९ नोव्हेंबर, वडगाव रासाई
उद्या चीन. दूध संस्थेचा अभ्यास दौरा. संचालक म्हणून मी आणि आमचा सेक्रेटरी धम्मदीप. एकवीसला अध्यक्षाची निवड. विरोधात हौसराव. गेल्या वर्षी त्यांनी दुबईच्या फोटोचा फ्लेक्स चौकात लावला, तेव्हापासून लोक रामराम आधी त्यांना घालतात. मला फक्त एक फोटो पाहिजे. बाकी अभ्यास आहेच.
संकल्प : तिकडे साधं राहायचं. रेडिमेड फेटा बॅगेत टाकला.

१२ नोव्हेंबर, चीन. सकाळी
डेअरी मशिनींचं प्रदर्शन काल उरकलं. खुर्च्या चांगल्या होत्या. आज नदीकाठचं जुनं गाव. शेकडो वर्षांचं, जसंच्या तसं जपलंय म्हणे. नाव धम्मदीपने दोनदा सांगितलं. फोटोत नाव कुठे दिसतं?

दुपारी
गाव झकास. दगडी पूल, लाल कंदील, नावा. गाय एकही नाही. तशी नोंद घेतली.
इथले पर्यटक जुन्या काळचे झगे भाड्याने घालून फिरतात. एका आजीने माझ्या फेट्याला हात लावून, हा कुठल्या दुकानात मिळतो, असं खुणेने विचारलं. मग माझ्यासोबत फोटोला रांगच लागली. नेतृत्व लपत नाही. सगळे फोटो मात्र त्यांच्या मोबाइलमध्ये गेले.

दुपारी, जरा नंतर
माझा फोटो झाला. धम्मदीप म्हणत होता, पुलावर झगेवाल्या पोरींमध्ये उभे राहा. नको म्हटलं. मतदारांचं लक्ष विचलित होईल, आणि बायकोचं, स्नेहलचं, होणार नाही. घाटाच्या पायरीवर एकटा उभा राहिलो. कंदील चेहऱ्याआड येत होता, तो फ्रेमबाहेर घालवला. चिनी अक्षरांची पाटी अंगाने झाकली. होडी पुढे जाईपर्यंत थांबलो. आता फ्रेममध्ये मी, पायऱ्या आणि पाणी. बघून मला स्वतःबद्दल आदर वाटला.

१७ नोव्हेंबर, वडगाव रासाई
शिरूरहून फ्लेक्स आला, लागला. ‘चीन अभ्यास दौरा यशस्वी’. लोक थांबून बघतायत. कुजबुज आहे. लक्षण चांगलं.

१८ नोव्हेंबर
साहेबराव आबा फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “आरं, हा आपलाच घाट हाय की. त्या पायरीवर सोजराबाई म्हस धुती.”
संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मी आठ दिवस पाटसला सासुरवाडीत होतो. धम्मदीपने शपथ घेतली. तर तोही माझ्यासोबत पाटसलाच होता, असं लोकांनी धरलं. पासपोर्टवरचा शिक्का दाखवला, तर आबा म्हणाले, शिक्के ग्रामपंचायतीतबी मारत्यात.
काळजी नाही. सभेत अभ्यास मांडतो.

२१ नोव्हेंबर
अभ्यास मांडला. चीनमध्ये एकही गाय दिसली नाही, असं ठासून सांगितलं. हौसराव शांतपणे म्हणाले, “बरोबर हाय. आपल्या घाटावर म्हशीच असत्यात.” पाच मिनिटं सगळी सभा हसत होती.
मी अर्ज मागे घेतला. हौसराव बिनविरोध अध्यक्ष. म्हणजे बिनविरोधाचं श्रेय माझंच.

२२ नोव्हेंबर
स्नेहल म्हणाली, आता मोकळेच आहात, म्हस धुऊन आणा. गेलो.
म्हस पाण्यात सोडली आणि पायरीवर बसलो. मोबाइल काढला. एकदा फोटो बघितला, एकदा घाट. पुन्हा फोटो, पुन्हा घाट.
मलाही फरक सापडेना.