रिळावरची अक्का

४ जून १९८६
फॉर्म भरला एकदाचा! सरकारी पारितोषिक आहे, थोडेच लोक बोलतात अशा भाषांतल्या चित्रपटांसाठी. 'भाषा' या रकान्यात लिहिलं— तंजावरची मराठी. लिहिताना छाती फुगली, खोटं कशाला सांगू! वीस वर्षं मद्रासच्या कोडंबाक्कममध्ये, स्टुडिओंच्या वस्तीत, दुसऱ्यांचे तमिळ चित्रपट कापतोय, जोडतोय. हा पहिला माझा. वीस मिनिटांचा, आणि त्यात एकटी अक्का.

अक्का म्हणजे माझी आत्या, अन्नपूर्णाबाई. वय एकोणऐंशी. विधवा झाल्यापासून आमच्याकडेच. घरात आपली भाषा धड बोलणारी ती शेवटची. मी लिहायला बसलो की वडिलांनी शिकवलेली पुस्तकी मराठी येते. आणि सुंदरी— माझ्या पोटची पोर— अक्काला 'पाट्टी' म्हणजे आजी म्हणते आणि उत्तरही तमिळमधून देते. म्हणून हा खटाटोप. चित्रपटात अक्का डांगर-पच्चडी करते, उडदाचं पीठ दह्यात कालवून, आणि लग्न होऊन कुंभकोणमहून तंजावरला आली तेव्हाचं सांगते. बस, एवढंच.

११ जून
अक्का विचारते, "रंगा, मला दाखवशील कीं?" म्हटलं, बक्षीस मिळू दे. "तोंवर मी असायला पाहिजे कीं रे!"

२३ जून
एग्मोरला पारितोषिकवाल्यांच्या कचेरीत गेलो. समितीपुढे जाण्याआधी तिथला सेक्रेटरी सत्यनारायण चित्रपट बघतो. त्याच्याबरोबर मुंबईचे कुणी पाहुणे बसले होते. अक्का बोलायला लागली आणि पाहुणे हसले. चांगले मोठ्याने! "ही कसली मराठी? मोडकीतोडकी!"

सत्यनारायणने मला बाहेर बोलावलं. "सार, सरकारी काम आहे. शुद्ध भाषेत करून आणा. पंधरा जुलैपर्यंत."

मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. उलट पाहुणे हसले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसलो. लाज वाटते लिहायला.

२८ जून
अण्णा नगरातल्या विद्युलताबाई आवाज द्यायला तयार झाल्या. यजमान बँकेत, पुण्याहून बदली होऊन आलेत. बाईंचा आवाज स्वच्छ, बोलणं ठाशीव. पण अक्काचं ऐकून म्हणतात, "अहो, यांचंच ठेवा ना! किती छान वाटतंय. माझं कशाला?" म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं ते. मोठा शहाणा मी!

५ जुलै
झालं. पडद्यावर ओठ अक्काचे, बोलणं विद्युलताबाईंचं. शेवटची प्रिंट काढायची होती म्हणून घाई. नवीन रीळ मिळेना, तेव्हा अक्काचा आवाज पुसला आणि त्याच रिळावर नवा घेतला. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. चित्रीकरणाच्या वेळची टेप तर केव्हाच स्टुडिओत परत गेली, तिच्यावर आता कुणाची तरी गाणी असतील. पुसताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

घरी आलो तर अक्का दारातच. "कुठवर आलं रे?" म्हटलं, छान झालंय. पुढचं सांगितलं नाही.

१९ जुलै
अक्का न्हाणीघरात पडली. डोक्याला मार. ओळखत नाही कुणाला.

२२ जुलै
गेली.

२५ जुलै
सुंदरी मागे लागली, "अप्पा, सिनेमा लाव ना. पाट्टी बोलते ते ऐकायचंय." मी अंगावर ओरडलो. नऊ वर्षांची पोर, कोपऱ्यात जाऊन रडत बसली. तिला काय सांगू? कुठल्या तोंडाने सांगू?

४ ऑगस्ट
काल तेरावं झालं. आज समितीचं पत्र. 'आपला चित्रपट प्रमाण मराठीत असल्याने या पारितोषिकाच्या अटींत बसत नाही. सदर वृद्धेचा मूळ बोलीतला आवाज उपलब्ध असल्यास पंधरा दिवसांत पाठवावा. समिती त्यास अग्रक्रम देईल.'

आता घ्या! सत्यनारायणला फोन केला. "मला काय माहीत, सार? समितीत नवे लोक आलेत. मूळ आवाज आहे ना तुमच्याकडे? मग प्रश्नच नाही!"

प्रश्नच नाही म्हणे! फोन ठेवला. बक्षीस गेलं खड्ड्यात. अक्काला मी स्वतःच्या हाताने पुसलं. माझ्यासारखा करंटा मीच.

९ ऑगस्ट
स्टुडिओत जाऊन आलो. टेपवर गाणीच. नातेवाइकांकडे विचारलं. चुलतभाऊ तुळजाजीच्या लग्नात टेपरेकॉर्डर होता, पण त्यात फक्त नादस्वरम आणि पोरांचा दंगा. अक्काचं बोलणं कुणीच धरून ठेवलं नाही. कशाला ठेवतील? ती होतीच की घरात.

तिच्यासारखं बोलून बघितलं, एकटाच, स्वयंपाकघरात. दोन वाक्यांनंतर तमिळ आलं तोंडात.

१२ ऑगस्ट
कापून टाकलेल्या तुकड्यांच्या पिशवीत आवाजपट्टीचा एक तुकडा सापडला. मीच काढला होता— अक्काने मध्येच कॅमेऱ्याकडे बघून माझं नाव घेतलं म्हणून. पाच सेकंद. यंत्रावर लावला.

"हसतील रे रंगा ते. तूं नको हसूं."