परदेशीपुऱ्याची भट्टी अनुश्रीला

मी, सरला शरदचंद्र वाघोलीकर, वय चौसष्ट, राहणार सुदामानगर, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. बिघडलंय ते हृदय, आणि त्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा सुजय आणि मुलगी अनुश्री यांना समान हिश्श्याने मिळावं. इलाज होऊन बँकेत जे उरेल तेही तसंच.

२. सोन्याच्या पाटल्या सूनबाई प्राचीला. पुण्यात ती त्या घालणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तिलाच.

३. माझे दीर पंढरीनाथ यांना मी काही ठेवत नाही. ह्यांची, म्हणजे माझ्या कैलासवासी यजमानांची, मिल बंद पडली आणि मी परदेशीपुऱ्यात भट्टी घातली, तेव्हा भाऊजी भर पंगतीत म्हणाले होते, "कॉन्व्हेंटात शिकून वहिनी शेवटी पाववाल्या झाल्या." त्यांनी स्वतः येऊन टोस्ट मागितले तर अवश्य द्यावेत. नातवाला पाठवलं तर देऊ नयेत.

४. परदेशीपुऱ्यातली खोली, भट्टी व पाव भाजायचे सर्व पत्रे ही माझी स्वकष्टाची मिळकत अनुश्रीला. इथे थोडं जास्त लिहिणं भाग आहे, कारण ती हल्ली भट्टीकडे फिरकत नाही.

माझ्या शाळेच्या बोर्डिंगमध्ये पाव पहाटे निघायचा, म्हणून मीही पहाटे काढू लागले. तो रोज उरायचा. भट्टीवर कामाला असलेले संताजी म्हणाले, "बाईजी, अख्खं शहर सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभं असतं, अन् आपण पाव घेऊन बसलोय." मग उरलेला पाव कापून, पुन्हा भाजून, वर पोह्यांवरचाच जीरावण मसाला भुरभुरून संध्याकाळच्या चहाला टोस्ट म्हणून विकला. तेव्हा कुठे भट्टी तगली.

बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या सिस्टर एग्नेस यांची एक रीत मी पाळत आले. बिघडलेला पाव फेकायचा नाही. थंड झाला की टेबलावर कापायचा आणि सगळ्यांनी आत बघायचं. कोणी बिघडवला हे विचारायचं नाही, कुठे बिघडला एवढंच विचारायचं.

अनुश्रीने विजयनगरात दुकान काढलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजला दिलेल्या सगळ्या टोस्टना बुरशी लागली, माल परत आला, आणि दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. परत आलेली पाकिटं तिने न उघडता कचरागाडीत घालायला लावली. "आई, मुझसे नहीं होगा, तू छोड ना," एवढंच म्हणते. जेवते, मोबाइल बघते, भिंतीकडे तोंड करून पडते. ऑपरेशनपेक्षा मला तिच्या या गप्प राहण्याची भीती जास्त वाटते.

अनु, गाडीत जाण्याआधी त्यातलं एक पाकीट मी आणि संताजींनी काढून उघडलं होतं. प्लास्टिकला आतून पाणी सुटलेलं होतं. टोस्ट गरम असतानाच पाकिटं बंद झाली, बाळा. भाजणं चोख होतं. हे सांगायला मी कितीदा तुझ्या दाराशी आले. तू झोपेचं सोंग घ्यायचीस आणि मला ते मोडवायचं नाही.

५. माझ्यानंतर वर्षभरात अनुश्रीने भट्टी चालवायला घेतली नाही, तर ती जागा सुजयने विकावी.

६. संताजी साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणतात. म्हणून ह्यांचा लोकरी कोट त्यांना आत्ताच दिला. ऑगस्टच्या उकाड्यात तो घालून बसले आहेत.

दुरुस्ती. सह्यांपूर्वी हे सर्व मी अनुश्रीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पंख्याखाली ठेवले असते तर?"

मी म्हटलं, "वरून थंड झाले असते. आतलं कळायला गालाला लावून बघावं लागतं."

"माझ्या दाढीला काय कळणार," संताजी म्हणाले, "ते काम बाईजींचं."

अनुश्री हसली नाही. म्हणाली, "वर्ष कशाला लिहिलंस, आई? किती लागेल मला माहीत नाही. कदाचित नाहीच होणार."

सुजयला फोन केला. तो म्हणाला, "काट दे आई, मला नको ती जागा."

सबब कलम पाच मी खोडलं आहे आणि समासात सही केली आहे. भट्टी पेटो वा न पेटो, अनुश्रीची राहील.

स्थळ: इंदूर
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५

सही: सरला शरदचंद्र वाघोलीकर

आम्हा दोघांच्या देखत सरलाबाईंनी सही केली:
१. संताजी मोहिते, परदेशीपुरा
२. निवेदिता किरकिरे, शेजारी, सुदामानगर