फॉर्मवरचं पनीर

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

वायनरीने आम्हा ऑफिसातल्या लोकांना वाइनच्या दोन-दोन बाटल्या दिल्या होत्या, एक लाल, एक पांढरी. घरच्या जेवणाबरोबर चाखायच्या आणि कोणती कशाशी जमते ते फॉर्मवर लिहायचं. एवढंसं काम. तेही मला धड करता आलं नाही.

काल सुमनने पिठलं, भाकरी आणि ठेचा केला होता. काचेचे ग्लास नाहीत, म्हणून स्टीलच्या पेल्यांतच ओतली. लाल प्यायल्यावर ठेचा आणखीच झोंबला. सुमनने पांढरीचा एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, मग पिठल्याचा घास खाऊन म्हणाली, "ही जमते हो. जरा गोडसर आहे ना, तिखट उतरतं."

अगदी खरं होतं. तिचं वाक्य मी जसंच्या तसं फॉर्मवर उतरवलं. आणि पदार्थाच्या रकान्यात लिहिलं, पनीर टिक्का.

का? साहेब हसतील म्हणून? साहेब तर निफाडचे, पिठल्यावरच वाढलेले! मग मी लाजलो कुणाला?

आज घरी आलो तर सुमन तो फॉर्म वाचत होती. भडकली असती तर बरं झालं असतं. तिने नीट घडी घालून तो माझ्या हातात दिला.

"पाव किलो पनीर आणता का? टिक्का कसा करतात ते शेजारच्या वहिनींना विचारते. पांढरी उरलीय थोडी. तुमचं लिहिलेलं खोटं नको ठरायला."

आणि मी पिशवी घेऊन निघालोसुद्धा.