वाढत्या अंगाची गाठ

३ जून
नवं घर, नवी नोकरी! शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी आजपासून कटिंग मास्तर. मालक म्हणाले, पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे कापा. म्हटलं, घरी तीन वर्षांची चिमी आहे, हे मला शिकवू नका. जिन्याच्या तुळईवर डोकं आपटून टेंगूळ तेवढं आलं. बायको म्हणते, दाखवून या.

९ जून
टेंगूळ राहिलं बाजूला, फोटोत भलतंच निघालं. मेंदूच्या आवरणाला उजवीकडे गाठ, एकोणीस मिलिमीटर. कॅन्सर नाही, साधी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा पुष्कळ गाठी जन्मभर वाढत नाहीत, काही वर्षाला मिलिमीटरभर वाढतात, एखादीच दांडगाई करते. तुमची कुठली, ते आज सांगता येत नाही. उगाच हात लावायचा नाही. वेगळं काही वाटलं तर लिहून ठेवा. घरी येऊन टेपवर एकोणीस मोजले. कोटाच्या बटणाएवढी.

११ डिसेंबर
वीस. एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातचाही असतो म्हणे. आता वर्षानं या. जीव भांड्यात पडला. रोज बालवाडीला मीच सोडतो, उजव्या हातात डबा, डाव्या हातात चिमी.

१८ नोव्हेंबर (पुढचं वर्ष, नवी वही)
चाळीस शर्टांचं कापड डाव्या अंगाला तसंच राहिलं, खडूची रेघसुद्धा नाही. मालक ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली. मी सगळं कापलं होतं. शप्पथ.

१९ नोव्हेंबर
ही म्हणते, रोज अर्धं ताट टाकता. मी चाटूनपुसून खाल्लं होतं. तिनं ताट फिरवलं. भात होता.

२१ नोव्हेंबर
एकतीस. भोवती सूज. अजूनही साधीच म्हणे. ऑपरेशन मंगळवारी. गाठीमुळे डावीकडचं जगच माझ्या ध्यानात येत नाही म्हणे, तोवर चिमीला मी न्यायचं नाही. मी भांडलो, मग रडलो.

२३ नोव्हेंबर
पांघरुणात कुणाचा तरी हात — माझाच निघाला.

२४ नोव्हेंबर
आज भरती व्हायचं. दवाखान्याबाहेरचा बाक. शेजारीण घरी नाही, चिमीला आणावंच लागलं. ही औषधाच्या खिडकीशी गेलीय. म्हणाली, गर्दीत पोरगी चेंगरेल, बाकावर उजवीकडे जागा नाही, इलाज नाही, चिमी तुमच्या डावीकडे आहे, हात सोडू नका, आलेच.
धरलाय. धरलाय ना?
समोर रस्ता. गाड्या.
चिमी हसत होती, आता आवाज नाही — मी हाक मारली. दोनदा. डावीकडे वळायचं म्हणजे कुठे, मला कुणी